बंद पडलेली फियाट किंवा पद्मिनी पुन्हा उभी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट ११००, डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी या गाड्या आजही अनेक घरांच्या पडवीत, सोसायटीच्या कोपऱ्यात किंवा गावाकडे गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभ्या असतात. अशी गाडी वारशाने हाती आलेल्या किंवा हौसेने विकत घेतलेल्या वाचकांकडून जे प्रश्न सातत्याने येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. यंत्राचे तपशील फियाटचे असले तरी कागदपत्रांविषयीची आणि नियोजनाविषयीची उत्तरे दुसऱ्या बनावटीच्या जुन्या गाडीलाही बहुतांशी लागू पडतात.

१. आमच्याकडे असलेली गाडी नेमकी कोणती, हे कसे ओळखावे?

समोरची जाळी पाहून ठरवू नये. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने १९५० च्या दशकात फियाट ११०० बनवण्यास सुरुवात केली. पुढचे दरवाजे उलट्या दिशेने उघडणारी, गोलसर अंगाची ती गाडी लोकांनी ‘डुक्कर फियाट’ या नावाने लक्षात ठेवली. १९६४ मध्ये डिलाइट आली, १९७० च्या दशकाच्या आरंभी तिचे नाव प्रेसिडेंट झाले आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव रूढ झाले. हे उत्पादन २००० सालाच्या आसपासपर्यंत चालले. मूळ घडण फारशी न बदलल्यामुळे डिलाइटला पद्मिनीची जाळी, दिवे आणि बंपर लावून ‘नवी’ केलेल्या गाड्या भरपूर सापडतात. म्हणून बॉनेटखालील पाटीवरचा प्रकार, चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक कागदावर उतरवून घ्यावेत, ते नोंदणी पुस्तिकेशी ताडून पाहावेत आणि त्यानंतरच सुटे भाग शोधायला बाहेर पडावे.

२. कायद्याच्या दृष्टीने ही गाडी ‘विंटेज’ ठरते का?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेले, मूळ स्वरूपात जपलेले आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन विंटेज मानले जाते. वर्ष मोजायचे ते पहिल्या नोंदणीचे. त्यामुळे १९६६ ची डिलाइट या व्याख्येत बसू शकते, तर १९८५ ची पद्मिनी, ती कितीही जुनी दिसत असली तरी, बसत नाही. हौशी मंडळींच्या संघटनांचे निकष वेगळे असतात. ‘फिवा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना तीस वर्षांहून जुन्या आणि इतिहासाला धरून जपलेल्या वाहनाला ऐतिहासिक मानते, आणि इंग्लंडमधील जुन्या रूढीप्रमाणे तर विंटेज म्हणजे साधारण १९१९ ते १९३० या काळातील गाडी. या निकषांचा आरटीओतील नोंदणीशी काहीही संबंध नाही.

३. गाडी पन्नास वर्षांची झाली आहे. विंटेज नोंदणी करून घ्यावी का?

आपण गाडी कशासाठी वापरणार, यावर ते ठरते. विंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. पुनर्नोंदणीला ५,००० रुपये लागतात. जुना क्रमांक कायम ठेवता येतो, आणि नवा घेतल्यास त्यात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अर्ज परिवहन पोर्टलवर करायचा असतो. परंतु असे वाहन रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीची ये-जा एवढीच मुभा आहे. दर रविवारी कुटुंबाला घेऊन लोणावळ्याला किंवा अलिबागला जाण्याचा बेत असेल, तर नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण हाच मार्ग मला योग्य वाटतो. आधी विंटेज नोंदणी करून नंतर ‘गाडी चालवता येत नाही’ म्हणून हळहळणारे भेटतात. त्यांनी नियम शेवटपर्यंत वाचलेला नसतो.

४. गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे आणि नोंदणीची मुदत कधीच संपली आहे. आधी दुरुस्ती करावी की कागदपत्रे?

कागदपत्रे. गाडीवर लाखभर रुपये खर्च केल्यानंतर चुलत्यांपैकी एकाने वारस म्हणून हरकत घेतली, तर झालेल्या खर्चाचा वाद घरातच सुरू होतो. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे हस्तांतरण करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. कायद्याप्रमाणे मृत्यूची माहिती तीस दिवसांत आणि अर्ज तीन महिन्यांत देणे अपेक्षित असते. ही मुदत बहुतेक घरांत केव्हाच उलटून गेलेली असते, तरी त्यामुळे हस्तांतरणाचा मार्ग बंद होत नाही; दंड किंवा जादा शुल्क भरावे लागते. मृत्यू दाखला, वारसांची संमतिपत्रे आणि आपल्या आरटीओला लागणारी प्रतिज्ञापत्रे आधी जमवावीत. आजोबांच्या पश्चात आजी आणि वडीलही गेले असतील, तर वारसांची साखळी कागदोपत्री पूर्ण करावी लागते आणि अशा वेळी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे नमुना २५ भरून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी गाडी चालत्या स्थितीत तपासणीला न्यावी लागते. याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी १०,००० रुपये करण्यात आले. विलंबासाठी दरमहा जादा शुल्काची तरतूद आहे. शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील गाड्यांना पर्यावरण कर लागतो आणि फार जुन्या गाडीचा वार्षिक करही थकलेला असू शकतो. ही सगळी थकबाकी आरटीओतून लेखी काढून घ्यावी आणि मगच अंदाजपत्रक बनवावे (प्रश्न ७ पाहा).

५. नोंदणी पुस्तिका हरवली आहे आणि क्रमांक टाकला तर ऑनलाइन काहीच दिसत नाही. गाडी बेवारस ठरते का?

नाही. महाराष्ट्रात ‘एमएच’ मालिका सुरू होण्यापूर्वीच्या अनेक गाड्यांच्या नोंदी अजूनही कार्यालयातील जाडजूड रजिस्टरांतच आहेत. त्या संगणकावर चढवण्याच्या कामाला ‘बॅकलॉग एन्ट्री’ म्हणतात. मूळ नोंदणी ज्या आरटीओत झाली तेथे अर्ज करावा लागतो, आणि पुस्तिका हरवल्याची पोलिसांतील नोंद व दुय्यम प्रतीसाठी नमुना २६ हे सोबत लागते. कराच्या जुन्या पावत्या, विम्याचा एखादा पिवळा पडलेला कागद, पेट्रोल पंपाच्या खात्याची वही, दारात गाडी उभी असलेला लग्नातला फोटो, यांपैकी काहीही फेकू नये. गाडी विकत घेत असाल आणि विकणारा ‘कागद नंतर काढून देतो’ म्हणत असेल, तर व्यवहारही नंतरच करावा.

६. गाडी पूर्ण सुटी करून नव्यासारखी करावी, की आहे तशी चालती करावी?

बहुतेकांनी आधी चालती आणि सुरक्षित करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रेक, इंधनमार्ग, वायरिंग, टायर आणि इंजिन इतके झाले की गाडी थोडी फिरते. मग गिअरबॉक्स कुठे कुरकुरते, स्टिअरिंगला किती ढील आहे, पाटे (मागच्या चाकांचे पट्ट्यांचे स्प्रिंग) बसले आहेत का, हे कळते आणि खरी यादी तयार होते. सुटी केलेल्या गाडीतून यातले काहीच कळत नाही. याला अपवाद एकच: तळाचा आणि सिलचा (दरवाज्यांखालच्या लांब पट्टीचा) पत्रा गेलेला असेल, तर गाडी चालवून पाहण्यातही धोका आहे आणि पत्र्याचे कामच प्रथम करावे लागते (प्रश्न ८).

गाडीवर मूळ रंग टिकून असेल, आसनांचे रेक्झिन विटलेले पण अखंड असेल आणि डॅशबोर्ड कोणी छेडलेला नसेल, तर ते काढून नवे बसवण्याआधी दहादा विचार करावा. चकाचक रंगवलेल्या पद्मिनी पुष्कळ आहेत. कारखान्यातल्या रंगातली, हात न लागलेली गाडी आता विरळा झाली आहे. मेळाव्यांतील जाणकारही अशा गाडीपाशी अधिक वेळ थांबतात.

७. एकूण खर्च किती येईल?

गाडी न पाहता जो एकच आकडा सांगतो, त्याच्याकडे गाडी देऊ नये. खर्चाचे भाग पाडावेत: कागदपत्रे व थकबाकी, पत्रा, इंजिन व गिअरबॉक्स, ब्रेक व सस्पेन्शन, वायरिंग, रंग, निकेलचे काम, आसने व छताचे कापड, काचा व रबरे, टायर. यांपैकी इंजिनाच्या कामाचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो, कारण बोअर मारणे (झिजलेला सिलिंडर कातून थोडा मोठा करणे), क्रँक ग्राइंडिंग, पिस्टन-रिंगचा संच यांचे दर आधी कळतात. पत्र्याचा अंदाज मात्र रंग खरवडेपर्यंत कोणालाच देता येत नाही आणि सगळे हिशेब तेथेच कोलमडतात. एकूण अंदाजाच्या वर किमान एक-तृतीयांश रक्कम राखून ठेवावी, आणि ती नसेल तर काम टप्प्यांत करावे. गाडी विकून हा खर्च भरून निघेल, ही अपेक्षा साध्या पद्मिनीच्या बाबतीत धरू नये.

८. पत्र्याची अवस्था घरच्या घरी कशी तपासावी?

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. तळ, दोन्ही बाजूंचे सिल आणि खांब मिळून जे कवच बनते तेच सगळा भार पेलते. म्हणून येथला गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. पायाखालची रबरी मॅट आणि तिच्याखालचे नमदे पूर्ण काढावेत. पावसाळ्यात विंडस्क्रीनच्या रबरातून झिरपलेले पाणी त्या नमद्यात साचून राहते आणि वरून कोरडा दिसणारा पत्रा खालून पापुद्र्यांनी सुटत असतो. मग बोथट स्क्रू-ड्रायव्हरने सिलच्या खालच्या कडेवर, जॅक लावण्याच्या जागी, मागच्या पाट्यांच्या टांगणीपाशी, बॅटरीच्या तबकाखाली आणि डिकीच्या तळात दाबून पाहावे. चांगला पत्रा टणत्कार देतो, गेलेला पत्रा आवाज न करता आत जातो. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके मातीने बुजलेली असतील, तर त्या दरवाज्याचा तळ संपला असे समजावे.

चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून सगळीकडून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे रंगाखाली लांबीचा (खड्डे भरण्याच्या पुटीचा) जाड थर आहे. शेवटची परीक्षा अशी की, एका बाजूने जॅक लावून गाडी जपून थोडी उचलावी आणि त्या बाजूचे दरवाजे उघडून-लावून पाहावेत. ते अडकू लागले किंवा फटी बदलल्या, तर कवचच कमजोर झाले आहे. अशा गाडीचे सिल कापण्यापूर्वी दरवाज्यांच्या चौकटीत आतून लोखंडी आधार वेल्ड करून घ्यावेच लागतात, नाहीतर नवे सिल बसल्यावर दरवाजे कायमचे तिरके राहतात. कोकणपट्टीत आणि गोव्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांची ही तपासणी गाडी घेण्याआधी करावी. घाटावरच्या कोरड्या भागातील गाडी दिसायला भकास असली तरी पत्र्याने अनेकदा चांगली निघते.

९. नवी बॅटरी लावून सेल्फ मारून पाहू का?

मारू नये, आणि दुसऱ्या गाडीने ओढून चालू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. सिलिंडरमध्ये गंज असेल तर रिंगा तुटतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे इंजिन ऑइल आणि डिझेल यांचे मिश्रण सोडावे आणि काही दिवस मुरू द्यावे. त्यानंतर क्रँकशाफ्टच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने, हळूहळू, थोडे पुढे थोडे मागे करत फिरवावे. लांब पाइप लावून जोर करू नये. इंजिन मोकळे फिरू लागल्यावर जुने ऑइल काढावे, संप (इंजिनाखालचे ऑइलचे तबक) उघडून तळाचा गाळ धुवावा, नवे ऑइल व फिल्टर घालावा, आणि प्लग काढलेले असतानाच सेल्फने फिरवून ऑइल वर चढते का ते पाहावे. स्पार्क आणि पेट्रोल त्यानंतर.

इंजिन सुटलेच नाही तर हेड खोलावे लागते. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे स्टडभोवती क्षार धरून हेड घट्ट बसलेले असते. घाईत छिन्नी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटले की हेडच्या बसण्याच्या पृष्ठभागावर खाच पडते आणि पुढे गॅसकेट धरत नाही. स्टडच्या मुळाशी भेदक तेल सोडत राहणे आणि वाट पाहणे हाच उपाय. ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे हे १०८९ सीसीचे इंजिन आहे. बोअर आधी किती वेळा मारला आहे हे लेथवाल्याकडून मोजून घ्यावे, कारण शेवटचा ओव्हरसाइज होऊन गेला असेल तर लायनर (सिलिंडरच्या आत बसवायच्या नळ्या) टाकावे लागतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा मुंबई-पुण्याच्या जुन्या मशीन शॉपमध्ये हे काम करणारे कारागीर अजून आहेत.

१०. ब्रेकचे पेडल लागते आहे. ब्रेक आत्ताच बदलायला हवेत का?

होय, गाडी स्वतःच्या बळावर एक फूटही हलवण्यापूर्वी. ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषून घेते; त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि चाकांजवळचे सिलिंडर आतून गंजतात, रबरी वायसर कडक होतात आणि होज आतून फुगतात. गॅरेजात उभ्या गाडीचे पेडल बरे वाटते आणि उतारावर ते एकदम तळाला जाते. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि जुन्या गाड्यांत ब्रेकची यंत्रणा एकाच मार्गाची असते, म्हणजे एक होज फुटला की चारही ब्रेक जातात. सर्व वायसर, होज आणि गंजलेल्या नळ्या एकाच वेळी बदलाव्यात. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे.

११. टाकीत जुने पेट्रोल आहे, आणि आता मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलने जुन्या गाडीचे नुकसान होते असे ऐकतो. काय करावे?

वर्षानुवर्षे राहिलेल्या पेट्रोलला वॉर्निशसारखा उग्र वास येतो आणि त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. टाकी उतरवून रिकामी करावी आणि गंज काढणाऱ्या द्रावणाने आतून साफ करून घ्यावी. रिकाम्या टाकीतही वाफा राहतात. तिला डाग देण्याचे (झाळण्याचे) किंवा वेल्डिंग करण्याचे काम या विषयाची माहिती असलेल्या कारागिराकडेच द्यावे, कारण अशा टाक्या फुटून माणसे दगावली आहेत.

वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता देशभर मिळते. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या धाटणीचे रबर व बूच यांना फुगवते किंवा ठिसूळ करते, त्यामुळे पंपाचा डायाफ्राम, सगळे इंधन होज आणि कार्ब्युरेटरची गॅसकेटे नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या मालाची घालावीत. होजसाठी बाजारात ‘व्हायटन’ या नावाने माल मिळतो. तो महाग आहे, पण गरम इंजिनावर ठिबकणाऱ्या पेट्रोलपेक्षा स्वस्तच. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ पडते, म्हणून जेट आणि टायमिंग जाणत्या मिस्त्रीकडून जुळवून घ्यावे. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

१२. शिसे नसलेल्या पेट्रोलमुळे व्हॉल्व्ह खराब होतात, हे खरे का?

अंशतः खरे. १ फेब्रुवारी २००० पासून देशात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. पूर्वी शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला मिळणारे संरक्षण आता मिळत नाही आणि सततच्या वेगवान चालवण्याने सीट झिजते. हेड खोललेच असेल तर कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. केवळ या कारणासाठी चांगले चालणारे हेड खोलू नये.

१३. कामाचा क्रम कसा असावा?

गाडी सुटी करण्याआधी प्रत्येक जोडणीचे फोटो काढावेत, विशेषतः डॅशबोर्डमागील वायरिंग, दरवाज्यातील काचेची यंत्रणा आणि कार्ब्युरेटरचे लिंकेज यांचे. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, आत चिठ्ठी घालून ठेवावेत; पिशवीवर पेनाने लिहिलेले तेलकट हातांनी पुसले जाते. त्यानंतर पत्रा, मग यंत्रे, मग सर्व दरवाजे, बॉनेट, दिवे, बंपर रंगाआधी एकदा प्रत्यक्ष बसवून पाहणे, मग रंग, वायरिंग, काचा आणि शेवटी आसने. रंगाआधीची ही जोडणी मिस्त्री हमखास टाळतात आणि नंतर रंगलेल्या दरवाज्यावर हातोडी पडते. निकेलला द्यायचे भाग मात्र सुरुवातीलाच द्यावेत, कारण तेथे वेळ लागतो.

१४. गॅरेजवाल्याशी बोलणी कशी करावी?

लेखी करावीत. कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्याची रक्कम, कोणते भाग गिऱ्हाइकाने आणायचे आणि कोणते गॅरेजने, हे एका कागदावर असावे, आणि पैसे टप्पा पूर्ण झाल्यावरच द्यावेत. एकरकमी पैसे घेतलेल्या गॅरेजात जुनी गाडी नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांमागे सरकत सरकत भिंतीला लागते. काढलेले सर्व जुने भाग, मोडके असले तरी, परत मागावेत. पत्र्यावर लांबी चढण्यापूर्वी आपण स्वतः जाऊन वेल्डिंग पाहणार, ही अट कागदावर असू द्यावी. पुढे तेथे काय झाकले गेले ते दिसत नाही.

१५. सुटे भाग कुठे मिळतात?

इंजिनाचे आणि ब्रेकचे भाग तुलनेने सहज मिळतात, कारण या गाड्या टॅक्सी म्हणून दशकानुदशके चालल्या. मुंबईत ऑपेरा हाउसजवळचा मोटार-सामानाचा बाजार, कुर्ल्याचा सीएसटी रस्ता आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारी भरणारा जुना बाजार, दिल्लीचे मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट्टै ही ओळखीची ठिकाणे आहेत. कठीण जाते ते बाहेरच्या सजावटीचे सामान: डुक्कर फियाटची दिव्यांची कडी, मूळ बिल्ले, डॅशवरची घड्याळे. दरवाज्यांच्या मुठीसारखे ओतीव मिश्रधातूचे भाग आतून फोड येऊन खराब होतात आणि त्यांवर पुन्हा निकेल नीट धरत नाही, म्हणून चांगली मूठ दिसली की गरज नसतानाही घेऊन ठेवावी. नव्या भागाच्या डब्यावरील छापील नावावर विसंबू नये. जुना भाग सोबत नेऊन मापाने घ्यावा. मुंबईतील विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थांच्या सभासदांकडून जितकी माहिती मिळते तितकी दुकानात मिळत नाही.

१६. रंग कधी आणि कोणता द्यावा?

पावसाळ्यात देऊ नये. दमट हवेत रंगावर दुधाळ झाक येते आणि प्रायमरखाली अडकलेला ओलावा पुढच्याच वर्षी फोडांच्या रूपाने बाहेर पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आपल्याकडे सर्वांत चांगला. उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. मूळ रंग शोधायचा असेल तर डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या झाकणाच्या आतल्या घडीत किंवा दरवाज्याच्या पॅडखाली पाहावे. नोंदणीत लिहिलेल्या रंगापेक्षा वेगळा रंग द्यायचा असेल तर आरटीओत तशी नोंद करून घ्यावी लागते.

१७. डिझेल इंजिन, डिस्क ब्रेक किंवा एसी बसवला तर चालेल का?

निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तिकेत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे. इंजिन बदलायचे झाल्यास आरटीओची परवानगी आणि पुस्तिकेत नोंद लागते. एके काळी या गाड्यांत सर्रास बसवलेली डिझेल इंजिने आज नूतनीकरणाच्या वेळी अडचणीची ठरतात. विंटेज नोंदणी हवी असेल तर असा बदल दावाच घालवतो (प्रश्न २). डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, हॅलोजन दिवे किंवा पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन हे मागे फिरवता येण्याजोगे बदल आहेत. पत्रा कापावा न लागणारा बदल असेल आणि मूळ भाग जपून ठेवला असेल, तर त्याला माझा विरोध नाही.

१८. जुनी काळी-पिवळी टॅक्सी घेऊन खासगी गाडी करता येईल का?

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात ही टॅक्सी कायद्याने उरली नाही. खासगी करण्यासाठी परमिट जमा करणे, मीटर काढणे, प्रवर्ग बदलणे आणि रंगाची नोंद बदलणे हे सगळे नोंदणी रद्द होण्यापूर्वी झालेले असावे लागते. भंगारात नोंदणी रद्द झालेली टॅक्सी शोभेसाठी किंवा सुट्या भागांसाठी घ्यावी, रस्त्यासाठी नाही. सीएनजीचा सिलिंडर अजून डिकीत असेल, तर त्याची दर तीन वर्षांची हायड्रो चाचणी झाली आहे का ते पाहावे, नसल्यास तो रिकामा करून काढून टाकावा. टॅक्सीची डिकी आणि मागचे पाटे त्या वजनाने थकलेले असतात, ही गोष्ट पाहणीत धरावी.

१९. चेसिस क्रमांक गंजून वाचता येत नाही. गॅरेजवाला पुन्हा पंच करून देतो म्हणतो.

करू देऊ नये. परवानगीशिवाय पंच केलेला क्रमांक चोरीच्या गाडीसारखा दिसतो आणि मोटार वाहन निरीक्षकाच्या नजरेतून तो सुटत नाही. त्या जागेला सँडपेपर किंवा ग्राइंडर लावू नये; गंज विरघळवणारे सौम्य द्रावण लावून, तिरप्या उजेडात फोटो काढावेत, बहुधा क्रमांक वाचता येतो. तरीही नाही आला तर आरटीओकडे लेखी अर्ज करून त्यांच्या परवानगीने आणि देखरेखीखाली क्रमांक उमटवून घ्यावा. त्या भागाचा पत्रा बदलायचा असेल तर कापण्यापूर्वीच ही परवानगी घ्यावी.

२०. कोणीतरी अर्धवट सुटी करून सोडलेली गाडी स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

खोक्यांत भरलेली गाडी मोजून घ्यावी लागते, आणि सहसा ती अपुरी निघते. काच फिरवण्याची यंत्रणा, स्टिअरिंगवरच्या गिअरचे दांडे, हँडब्रेकची केबल आणि विंडस्क्रीनची पट्टी हे भाग हमखास गायब असतात, कारण ते किरकोळ दिसतात. प्रश्न १ मधील क्रमांकांची पडताळणी कवच आणि इंजिन या दोन्हींवर स्वतंत्रपणे करावी. दोन गाड्यांची मिळून एक झाली असण्याची शक्यता येथे सर्वाधिक असते. त्याच किमतीच्या आसपास कळकट पण जोडलेली, कागद असलेली गाडी मिळत असेल तर तीच घ्यावी. सुटी गाडी सुट्या भागांचा साठा म्हणून घेणे मात्र शहाणपणाचे ठरू शकते, जर आपल्याकडे आधीच एक जोडलेली गाडी असेल आणि दोन्ही ठेवायला कोरडी जागा असेल.